बहिणीला पुण्यात राज्यशास्त्र शिकवायचं आहे, साडेसात लाखांचं कर्ज काढू का?

कपाशीवाला_घाटंजी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण इथं बँकेतले, मास्तर, पुण्यात राहून आलेले असे सगळेच दिसतात म्हणून लिहितो.

आम्ही घाटंजी तालुक्यातले. सात एकर कोरडवाहू, कपाशीत तुरीचे तास, एका तुकड्यात सोयाबीन. शेती बाबा पाहतात. मी त्यांच्या हाताखाली असतोच, शिवाय एका कृषी केंद्राच्या काउंटरवर बसतो, महिना अकरा हजार. धाकटी बहीण यंदा बारावी आर्ट्स झाली. ८४.३३ टक्के, राज्यशास्त्रात शंभरपैकी ९३. तिला तोच विषय घेऊन बीए करायचं आहे, आणि पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात तिचा नंबर लागला आहे.

पोरगी हुशार आहे हे भाऊ म्हणून सांगत नाही. यंदाच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कुठं कुठं खर्च झाला ते वाचून दाखवा. सरपंचबाईंचे यजमान हसले. ग्रामसेवक रजिस्टर चाळत बसला, त्याला पान सापडेना. ही खाली बसली नाही. शेवटी पान सापडलं, नालीचा खर्च दोनदा लिहिलेला निघाला. त्या दिवसापासून गावात तिला "वकीलबाई" म्हणतात, काही कौतुकानं, काही दात खाऊन.

आता हिशोब. फी वर्षाला २,४०,०००. होस्टेल आणि मेस १,३०,०००. तीन वर्षांचे ११,१०,०००. तिथल्या काउन्सेलर मॅडम रोज फोन करतात. त्यांचं म्हणणं, साडेसात लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं, वरचे ३,६०,००० घरून घाला, आणि हप्ता नोकरी लागल्यावरच सुरू होतो. माहितीपत्रकात "सरासरी पॅकेज साडेसहा लाख" असं लिहिलं आहे. सीट अडवून ठेवायला २५ हजार मागतात, शनिवारपर्यंत.

माझी अडचण अशी की मी स्वतः बीए राज्यशास्त्रच आहे. तालुक्याच्या कॉलेजात केलं, तीन वर्षांत फी-पुस्तकं-परीक्षा मिळून वीस हजारही लागले नाहीत. मग चार वर्षं यवतमाळला खोली आणि अभ्यासिका. २०२३ची तलाठी भरती निघाली तेव्हा ४,६४४ जागा होत्या आणि दहा लाखांवर अर्ज. नऊशे रुपये भरून मीही त्यातला एक. आज काउंटरवर बसून कोणत्या अळीला कोणतं औषध ते सांगतो. त्यामुळं मी काही बोललो की घरात वाटतं, याचं जमलं नाही म्हणून हा बहिणीला अडवतो.

बाबा म्हणतात, "पोरीच्या शिक्षणाले मांगं-पुढं पाहू नोको." आई पोत मोडायला निघाली आहे. राज्यशास्त्राच्या पदवीवर खरंच हे कर्ज फिटतं का? ज्यांनी फेडलं आहे त्यांनी सांगा.

वणीचा_पोट्टा

भाऊ, तू सोता बीए राज्यशास्त्र करून बियाण्याच्या थैल्या इकून राह्यला, अन् बहिणीले तेच शिकवाले अकरा लाख? कायले बाप्पा! जीएनएमले, म्हंजे नर्सिंगले टाक. आर्ट्सवाल्या पोरीयलेबी घेतेत. गावोगाव दवाखाने हायेत, रिकामी बसत नाई. राज्यशास्त्र त आमच्या पानटपरीवर फुकटात शिकवतेत, सकाय-संध्याकाय दोन बॅचा.

आर्वीची_माहेरवाशीण

वणीच्या भावाची पानटपरी मला माहीत आहे, तिथला मराठवाडा-विदर्भ अनुशेषाचा पेपर मी दिलेला आहे. असो.

दादा, २०१२ साली मी तुमच्या बहिणीच्या जागेवर होते. आर्वीजवळचं गाव, पाच एकर, पुण्यातलं खासगी कॉलेज, विषय राज्यशास्त्र. म्हणून जरा बैजवार लिहिते.

आधी त्या मॅडमचं वाक्य खोडून टाका. हप्ता नोकरी लागल्यावर सुरू होत नाही. कोर्स संपल्यावर एक वर्ष झालं की सुरू होतो, नोकरी असो नसो. आणि व्याज तर पैसे उचलले त्या दिवसापासून धावतं. साडेदहा टक्के धरा, दरवर्षी अडीच लाख उचलले असं धरा. पहिल्या अडीच लाखांवर चार वर्षांचं व्याज १,०५,०००. दुसऱ्यावर तीन वर्षांचं ७८,७५०. तिसऱ्यावर दोन वर्षांचं ५२,५००. झाले २,३६,२५०. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुमच्या डोक्यावर साडेसात लाख नसतात, ९,८६,२५० असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना १३,३००. पंधरा वर्षं घेतली तर १०,९००, पण मग एकूण साडेएकोणीस लाखांवर जातात.

हे आकडे बँकेत बसून कळत नाहीत, म्हणून मी बाबांना कापसात सांगायचे. तेरा हजार तीनशेला बारानं गुणा, एक लाख साठ हजार. कापूस सात हजारांनी गेला तर तेवीस क्विंटल. तुमच्याकडं एकरी किती उतरतो तुम्हाला ठाऊक, आमच्या कोरडवाहूत सहा उतरला तर आई देवापुढं साखर ठेवते. म्हणजे चार एकरांचा कापूस, बियाणं-खत-फवारणी-वेचाई काही न काढता, दर वर्षी, दहा वर्षं. सात एकरांत उरले किती?

आता माझं. मी चार लाख घेतले होते, कारण त्याच्या वर जामीनदार लागत होता आणि आमच्या नात्यात सही करणारं कोणी निघालं नाही. वरच्या खर्चाला बैलजोडी विकली. व्याज साडेबारा टक्के. हप्ता सुरू झाला जून २०१६ला, ९,८५७ रुपये, सात वर्षं. तो आकडा मला अजून झोपेतून उठवून विचारा. पगार तेव्हा १४,०००. काम काय, तर पहाटे साडेपाचला ऑफिसात जाऊन वर्तमानपत्रांतल्या बातम्या विषयवार कापून, टाइप करून कंपन्यांना पाठवायच्या. कर्वेनगरात कॉट बेसिसवर ३,०००, मेस २,२००. बेरीज करून पाहा. पोरगी कमवायला पुण्यात आणि बाप गावाहून तिला पैसे पाठवतो, असं दीड वर्ष चाललं.

मग २०१७चा खरीप. गुलाबी बोंडअळीचं ते साल तुम्हाला वेगळं सांगायला नको. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत सडलेली. बाबांनी पैसे पाठवणं बंद केलं, म्हणजे त्यांच्याकडं नव्हतेच. माझे लागोपाठ तीन हप्ते थकले आणि खातं एनपीएत, म्हणजे बुडीत-थकीत यादीत गेलं. मला वाटलं, कर्ज माझं, भोग माझे. जून २०१८ला बाबा पीककर्जाचं नवं-जुनं करायला त्याच शाखेत गेले. मी सोबत होते. साहेबानं स्क्रीन आमच्याकडं वळवली. वरच्या ओळीत पीककर्ज, नियमित. त्याच्याखाली शिक्षणकर्ज, लाल अक्षरांत. बाबा म्हणाले, "साहेब, हे त पोरीच्या शिकण्याचं हाय. याचा अन् कापसाचा काय संबंध?" साहेब वाईट माणूस नव्हता. तो एवढंच म्हणाला, "काका, सही तुमचीच आहे." सहकर्जदार म्हणजे काय, हे आमच्या घरात त्या दिवशी कळलं. पीककर्ज वेळेत भरलं तर व्याज नसल्यासारखं, ते गेलं. बाबांनी बियाणं उधारीनं आणलं. बोंडअळीचं अनुदान आलं, हेक्टरी ६,८०० प्रमाणे, त्यावरही बँकेनं होल्ड लावला. बाबा पासबुक छापून आणायचे आणि ती एक ओळ बोटानं दाखवायचे, रागानं नाही, जणू छपाईची चूक असावी.

नंतर सावरलं. २०१८ला सर्व्हेचं काम मिळालं, लोकसभेच्या आधी त्या धंद्याला तेजी असते. थकबाकी तीन तुकड्यांत भरली. २०२३च्या ऑगस्टमध्ये नो ड्यूज मिळालं. आज नागपुरात ग्रामपंचायत सदस्यांना आराखडे, ग्रामसभा, निधी यांचं प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत आहे, पगार ४६,०००. काम मनापासून आवडतं आणि ते राज्यशास्त्राचंच आहे. त्यामुळं "विषय बेकार" असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट ऐका. माझ्याच टेबलाशेजारी, माझ्याच पगारावर गोंदिया जिल्ह्यातल्या साध्या अनुदानित कॉलेजातला बीए बसतो. त्याच्यावर एक रुपया कर्ज नव्हतं. मुलाखतीत आम्हा दोघांना विचारलं ते एकच, एक्सेलमध्ये ग्रामपंचायतींचा खर्च मांडता येतो का आणि त्याच्यावर दोन पानं सरळ मराठीत, दोन पानं इंग्रजीत लिहिता येतात का. पुण्यानं मला काय दिलं? इंग्रजीची भीती घालवली. रात्री अकरापर्यंत उघडी लायब्ररी दिली. चारचौघांत बोलायची सवय दिली. ते खोटं नाही. ते त्या सगळ्या हप्त्यांच्या आणि बैलजोडीच्या मोलाचं होतं का, एवढंच मी अजून ठरवू शकलेले नाही.

पॅकेजबद्दल. त्या विद्यापीठाच्या साइटवर जा, एनआयआरएफसाठी, म्हणजे केंद्राच्या कॉलेज-क्रमवारीसाठी भरलेल्या माहितीची पीडीएफ असते. तीन वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात बघा, पास किती झाले, नोकरीला किती लागले, पुढं शिकायला किती गेले आणि मध्यक पगार किती. मध्यक म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्याचा, सरासरी नाही. सरासरीला एकच वीस लाखवाला वर ओढून नेतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तो पगार फक्त ज्यांना नोकरी लागली त्यांचा असतो, आणि बीबीए, बीकॉम, बीए सगळे एकाच रांगेत उभे असतात. राज्यशास्त्राचा वेगळा आकडा मिळत नाही. अमेरिकेत सरकारच कॉलेज स्कोअरकार्ड नावाची साइट चालवतं. तिथं एकेका कॉलेजातल्या एकेका विषयाची कमाई आणि पोरांच्या डोक्यावरचं कर्ज शेजारी-शेजारी दिसतं. शिवाय तिथल्या सरकारी कर्जाला पगाराच्या हिशोबानं हप्ता बांधून घ्यायची सोय असते. आपल्याकडं हप्ता म्हणजे हप्ता, बोंडअळी येवो की नोकरी जावो.

म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विद्यापीठाला विचारा, गेल्या साली बीए राज्यशास्त्र झालेल्या दहा पोरांशी बोलायला द्या. दिले तर बोला. नाही दिले तर तेही उत्तरच.

कपाशीवाला_घाटंजी

ताई, दोनदा वाचलं. पासबुकाची गोष्ट आईला वाचून दाखवली, ती काही बोलली नाही, उठून चहा ठेवायला गेली.

एक विचारतो. शेत तारण ठेवून व्याज कमी करून घेता येतं का? आणि मुलींना सगळं मोफत झालं म्हणतात, ते यात बसतं का?

शाखेत_३१_वर्षं

शेत बँक घेणार नाही, आणि नाही घेत ते बरंच आहे. तारण जप्तीच्या सरफेसी कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळं ती जप्त करून विकणं बँकेला सोपं नसतं. शिक्षणकर्जाला तारण म्हणून घर, प्लॉट, एफडी, एलआयसी चालते. चार लाखांपर्यंत ना तारण, ना घरचा हिस्सा. साडेसातपर्यंत केंद्राच्या हमी निधीतून विनातारण होतं, पण बापाची सही सहकर्जदार म्हणून लागतेच. वर आर्वीच्या ताईंनी लिहिलं ते अक्षरशः तसंच घडतं, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं पाहिलं आहे.

मोफत शिक्षणाचा २०२४च्या जुलैचा जीआर व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, आणि खासगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. साडेचार लाखांखालच्या उत्पन्नाला पूर्ण व्याजमाफीची केंद्राची योजना आहे, तीही तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना. साधं बीए तिथं बसत नाही. पीएम विद्यालक्ष्मी २०२४च्या नोव्हेंबरात मंजूर झाली, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. पण ती ठरावीक दर्जाच्या संस्थांच्या यादीपुरती, आणि गुणवत्तेवर प्रवेश हवा, मॅनेजमेंट कोट्यातला नाही. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे पोर्टलवर पाच मिनिटांत दिसतं. मॅडमना विचारू नका, स्वतः पाहा.

माझ्याकडं पालक यायचे तेव्हा मी एकच गोष्ट सांगायचो. कोर्स चालू असतानाच व्याज भरून बघा. पहिल्या वर्षी अडीच लाखांवर महिना २,१८८, तिसऱ्या वर्षी साडेसातवर ६,५६३. भरत गेलात तर बऱ्याच बँका एक टक्का सवलतही देतात. आणि ते सहा हजार जड जात असतील तर पुढचा तेरा हजारांचा हप्ता कोण भरणार आहे, याचं उत्तर कर्ज घ्यायच्या आधीच मिळालं.

२५ हजार भरले असतील तर घाबरू नका. यूजीसीच्या नियमानं प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवलं तर किरकोळ कपात सोडून पैसे परत द्यावे लागतात. फोनवर नाही, मेलवर कळवा.

निवृत्त_ज्युनिअर_कॉलेज

मी एकोणतीस वर्षं हा विषय शिकवला. त्यामुळं वणीच्या चिरंजीवांच्या पानटपरीशी माझी स्पर्धाच होती आणि विद्यार्थीसंख्येत मी हरलो, हे कबूल.

माझे विद्यार्थी कुठं गेले ते सांगतो. एक तलाठी आहे. दोन पोलिसात, पण त्याला बारावीही पुरली असती. एक जण तालुका कोर्टात वकील, बीएवर तीन वर्षांचं एलएलबी करून. पहिली पाच वर्षं सीनियरची फाइल धरून उभा असायचा, आता बरं चाललं आहे. एक मुलगी एमए-बीएड करून कनिष्ठ महाविद्यालयात लागली, शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं महिना २०,००० मानधन. एक जण नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास झाला आणि नऊ वर्षं तासिका तत्त्वावर आहे, जेवढे तास तेवढे पैसे. सहायक प्राध्यापकाची कायम जागा म्हणजे सुरुवातीलाच ५७,७०० मूळ वेतन, म्हणून सगळे त्या जागेकडं डोळे लावून बसतात. जागा निघत नाही, वय निघून जातं. त्याचं मे महिन्यात लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांनी विचारलं, उन्हाळ्यात पगार मिळतो का? त्यानं खरं उत्तर दिलं.

आणि एक जण गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तिथला बांबू गावानं विकला, हे मी वर्गात शिकवायचो. हा पोरगा ते बघायला गेला आणि तिकडचाच झाला. पगार फार नाही. भेटला की दोन तास पेसा कायद्यावर, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या हक्कांवर बोलतो, मी ऐकतो. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत राज्यशास्त्र खऱ्या अर्थानं वापरणारा तोच.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कुणालाही बीएच्या कागदावर पगार मिळाला नाही. पुढं आणखी काहीतरी करावं लागलं, आणि ते करायला दोन-तीन वर्षं हात मोकळे लागतात. कोर्स संपून वर्षानं तेरा हजारांचा हप्ता सुरू झाला की पोरगी मिळेल ती नोकरी धरते, एमए राहतं, नेट राहते, एलएलबी राहतं. विद्यापीठं आता नव्या धोरणात चौथं ऑनर्सचं वर्षही पुढं करतात, म्हणजे आणखी पावणेचार लाख. ते विचारलंत का?

माझं ऐकाल तर पदवी स्वस्तात घ्या. नागपूरला जुनं मॉरिस कॉलेज, आताची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, १८८५ सालची. अमरावतीला शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. तिथल्या लायब्ररीत बसायची सवय लागली तर पुण्याचं फार काही अडत नाही. मग सीयूईटीची पीजी परीक्षा देऊन एमएला केंद्रीय विद्यापीठात, जिथं फी नाममात्र असते. त्याच्यापुढं जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिना ३७,००० मिळतात, शिकण्याचे. लागेलच असं नाही. पण नाही लागली तरी बापाच्या सातबाऱ्यावर आणि सिबिलवर ओरखडा नाही.

फक्त तालुक्याच्या कॉलेजात घालू नका. तिथं वर्ग भरत नाहीत हे मी लिहितो आहे, कारण आता मला कुणी मेमो देऊ शकत नाही.

कपाशीवाला_घाटंजी

काल रात्री बहिणीला बसवून सगळा धागा वाचायला दिला. वाटलं होतं, मानेल. ती भडकली. म्हणाली, "दादा, तू वीस हजारांत बीए केलं, काय झालं? स्वस्त हाय म्हणून मीबी तिथंच जाऊ का?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बाबा अंगणात बिडी ओढत होते, ते तिच्या बाजूनं. दीड तास भांडण.

मग ती मोबाइल घेऊन आत गेली. अकरा वाजता बाहेर आली ती माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून. पीडीएफ तिलाच सापडली. पास झालेल्यांत नोकरीला लागलेले चौथा हिस्साही नाहीत, आणि मधला पगार साडेसहा लाखांच्या निम्म्याच्याही खाली. विद्यालक्ष्मीच्या यादीत विद्यापीठाचं नाव नाही. तिनं मॅडमना मेसेज केला होता, राज्यशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर द्या. उत्तर आलं, "लिमिटेड सीट्स लेफ्ट."

आणि खाली तिनं एक भागाकार केला होता, जो आपल्यापैकी कुणालाच सुचला नाही. घरून ३,६०,००० घालायचेच होते ना, कर्जाशिवायचे? तीन वर्षांचे महिने छत्तीस. महिना दहा हजार. अमरावतीला सरकारी कॉलेज, खोली, मेस, वर इंग्रजीचा क्लास, सगळं दहा हजारांत बसतं. म्हणाली, "कर्ज नोको. पण हे दहा हजार मले पाह्यजेत, पुरे तीन वर्षं. तालुक्यात ठेवून ते वाचवाचे नाई. अन् एक लॅपटॉप." बाबा म्हणाले, लॅपटॉप तुरीवर. आईची पोत राहिली.

खरं सांगतो, मला थोडी लाजच वाटली. माझ्या चार वर्षांच्या अभ्यासिकेचा असा भागाकार मी कधी केला नव्हता.

अमरावतीचा फॉर्म आज भरला. तीन लाख साठ हजार एकदम घरात नाहीत हेही खरं, कापूस निघेल तसे निघतील. पहिलं वर्ष पक्कं आहे.

आर्वीची_माहेरवाशीण

तिला माझा नमस्कार सांगा. हा भागाकार मी २०१२ला केला असता तर बैलजोडी तरी राहिली असती.

आता घाईनं दोन कामं करा. ओबीसीत असाल तर जिल्ह्याच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज टाका. तिथं नंबर नाही लागला तर सावित्रीबाई फुले आधार योजनेचा, राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यात येतात. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा. आणि पहिल्या सेमिस्टरपासून तिला एक्सेल शिकवा, त्या नालीच्या दुहेरी खर्चापासूनच सुरुवात करू द्या. ग्रामपंचायतींचा खर्च ई-ग्रामस्वराजवर दिसतो, तिला लिंक पाठवते.

नॉन-क्रिमीलेअर काढलं का?

कपाशीवाला_घाटंजी

सोमवारी सेतूत टाकलं. आज विचारायला गेलो तर म्हणतात, सर्व्हर डाउन आहे, परवा या. परवा बहिणीलाच पाठवतो.